वरच्या मजल्यावरचा तबला

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं विशी-पंचविशीतल्या गायक-वादकांची आहेत. गंमत म्हणजे रागाबद्दल किंवा लयकारीबद्दल कुणीच काही विचारलेलं नाही. विचारलंय ते शेजाऱ्यांबद्दल, पावसाबद्दल, पैशांबद्दल आणि घरच्यांच्या चेहऱ्यांबद्दल. उत्तरं देताना ‘कला’ हा शब्द आम्ही शक्यतो लांब ठेवला आहे. खालच्या काकूंशी, आयोजकाशी किंवा वडिलांशी बोलताना तो शब्द मध्ये आला की बोलणं तिथेच अडतं. किती वाजता, किती वेळ, किती रुपये असं बोललं की पुढे सरकतं.

प्रश्न: आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी रोज दोन तास तबला वाजवतो. खालच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. मी भिंतींना फोम लावून घेतला, साडेचार हजार गेले, फरक काहीच नाही. रियाज बंद करायचा का? (तबलावादक, डोंबिवली)

बंद करायचा नाही. पण फोमचे पैसे बुडाले असं समजा. खाचाखाचांचा तो फोम खोलीतला घुमारा कमी करतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत तो लावतात. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नसतं.

शिवाय काकूंना त्रास होतो तो हवेतून येणाऱ्या आवाजाचा नाही. उजव्या तबल्याचे ‘ना’ आणि ‘तिं’ हे बोल त्यांच्यापर्यंत फारसे पोचतही नसतील. पोचतो तो डग्गा, डाव्या हाताचं खालच्या सुरातलं वाद्य. ‘घे’चा ठोका चुंबळीतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून त्यांच्या छतात उतरतो. वर तुम्हाला तो गोड लागतो, खाली नुसतं ‘धप्’ ऐकू येतं. म्हणून इलाज भिंतीला नाही, बैठकीखाली करायचा.

साधारण 3 फूट बाय 4 फूट जागा धरा. सगळ्यात खाली 10 ते 12 मिलिमीटर जाडीचा भरीव रबराचा मॅट, व्यायामशाळेत वजनांखाली घालतात तो. त्यावर 18 मिलिमीटरचा प्लाय. प्लायवर जाड गोधडी दुहेरी घडी करून, आणि तिच्यावर तुम्ही, तबला, डग्गा, सगळं. दोन चुका इथे हमखास होतात. एक, रबर न घालता नुसतीच गोधडी घालतात. ती आठवड्याभरात दबते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरी, प्लाय भिंतीला टेकवतात. मग जो ठोका फरशीत जात नाही तो भिंतीत जातो. चारही बाजूंनी चार बोटं जागा सुटली पाहिजे. चुंबळ घट्ट भरलेली कापडी असू द्या; पोकळ प्लास्टिकच्या रिंगेवर डग्गा ठेवला तर खालची सगळी मेहनत निम्मी होते.

दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखालच्या फटीत चादरीची गुंडाळी, एवढ्याने हवेतून जाणाऱ्या आवाजाचं बरंच भागतं. सरकत्या खिडकीचं मात्र फार काही करता येत नाही, म्हणून त्या खिडकीकडे पाठ करून न बसता तिच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं बसा.

आता खरी परीक्षा. मित्राला वर वाजवायला बसवा आणि काकूंची परवानगी घेऊन त्यांच्या घरात दहा मिनिटं जाऊन बसा. तुम्ही स्वतः ऐकायला आलात एवढ्यानेच अर्धी तक्रार विरते. डग्ग्यावर किती दाब दिला की खाली किती पोचतं हेही कळतं, आणि ते वादक म्हणूनही उपयोगाचं आहे.

कायद्याचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 हा रात्रीचा काळ धरला आहे आणि निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. हे माहीत असावं, पण काकूंना दाखवू नये. नियमात दुपारी एक ते चार या वेळेचा उल्लेख नाही आणि आपल्याकडे त्या वेळेइतकं पवित्र दुसरं काही नाही. ग्रुपवर उत्तर देऊ नका. सचिवांना कागदावर चार ओळी लिहून द्या: ‘सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 7:30 आणि रविवारी सकाळी 10 ते 12 रियाज करेन. दुपारी व रात्री 9 नंतर वाजवणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात वेळ निम्मी करेन.’ खाली फोन नंबर. ठरलेली वेळ ठरलेल्या मिनिटाला संपली की लोकांना आवाज सोसतो. न संपणाऱ्या आवाजाचीच त्यांना धास्ती असते.

उरलेला अर्धा तास पढंतीला द्या. टाळी-खाली धरून कायदा (तबल्याच्या बोलांची बांधीव रचना) आणि त्याचे पलटे (त्याच बोलांची उलटसुलट मांडणी) तोंडाने म्हणायला शेजाऱ्यांची हरकत नसते, आणि ज्याची पढंत पक्की त्याची तिहाई (तीनदा येणारा शेवटचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकत नाही. तबल्यावर रुमाल टाकून वाजवणं मात्र दहा-पंधरा मिनिटांपुरतंच ठेवा. रुमालामुळे पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) बोटाला परत उचलत नाही, मग हात नकळत जोर लावायला शिकतो, आणि ती सवय सुटता सुटत नाही.

प्रश्न: जून ते सप्टेंबर माझा तबला कार्यक्रमात अर्धा सूर उतरतो, डग्गा ओल्या फडक्यासारखा वाजतो. यंदा पुडीवर पांढरी बुरशीही आली. उन्हात ठेवू का? (सावंतवाडी)

उन्हात नको आणि गॅसजवळ तर मुळीच नको. पुडी बकऱ्याच्या कातड्याची, आणि मधली काळी शाई म्हणजे लोखंडाची भुकटी खळीत मळून थरावर थर दिलेली. ऊन लागलं की कातडं झपाट्याने आखडतं, शाई आखडत नाही. दोघांची ओढाताण झाली की शाईला भेगा जातात, कण सुटतात, किनार उचलली जाते. मग नवी पुडी घालण्यावाचून गत्यंतर नाही.

लाकडी कपाटात तळाशी 15 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावा. एलईडी चालत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. दिवा आणि वाद्य यांत किमान एक फूट अंतर ठेवा, वायर-होल्डर ठीक आहेत ना ते बघा, आणि रोज एक-दोन तास पुरेत. रात्रभर दिवा ठेवून झोपू नका. कपाट नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या आणि त्यात 200 ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतायचे. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नये.

बुरशी कोरड्या सुती फडक्याने पुसा. ओलं फडकं, तेल, जंतुनाशक, काही नको. ती येते बहुधा गवसणीमुळे: पावसातून घरी आल्यावर तबला त्या कापूसभरल्या गवसणीत तसाच राहतो आणि आतली ओल आतच कोंडते. घरी पोचल्यावर आधी गवसणी काढायची, मग चहा. पावडरचंही तेच. हाताचा घाम टिपायला चिमूटभर ठीक, पण जास्त झाली की ती ओल धरून शाईच्या काठाशी चिखलासारखी बसते आणि मैदानाचा, म्हणजे शाई आणि किनार यांमधल्या पट्ट्याचा, नाद मारते.

सूर उतरला की लगेच गठ्ठे (वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे) ठोकू नका. गठ्ठा खाली सरकला की सूर बराच चढतो आणि हॉल वातानुकूलित असला तर पंचाईत होते: कोरड्या हवेत पुडी आपणहून ताणते आणि गाणं सुरू झाल्यावर तबला चढा निघतो. कार्यक्रमाआधी 45 मिनिटं तबला गवसणीतून काढून रंगमंचावर ठेवा, तिथल्या हवेशी जुळू द्या. मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडीने वरून ठोका दिला की सूर चढेल, खालून वर दिला की उतरेल. गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या 16 घरांपैकी एक घर लावलं की लगेच शेजारचं नाही, समोरचं घ्या. नंतर काटकोनातली दोन. शेजारी-शेजारी ठोकत गेलात तर एक बाजू ताणते, दुसरी सैल पडते आणि मग पूर्ण फेरी मारूनही तबला एका सुरात बोलत नाही.

प्रश्न: नोकरी ठाण्याहून लोअर परळला. घरी पोचायला साडेनऊ. गुरुजी म्हणतात, रोज तीन तास हवेत. मला पाऊण तास मिळतो, त्यातही आवाज बसलेला. गाणं सोडलेलं बरं का? (गायक, वय 24)

तीन तासांचा हिशेब ज्या काळातला आहे तेव्हा रोज ठाणे ते लोअर परळ करावं लागत नव्हतं. पाऊण तासात तीन तासांचं काम होत नाही हेही खरं. पण रोजचा पाऊण तास आणि रविवारचे तीन तास मिळून आठवड्याला साडेसात तास होतात, आणि गळ्याला खाडे चालत नाहीत, कमी वेळ चालतो.

तो पाऊण तास सकाळी काढा, रात्री नाही. दिवसभर फोनवर आणि मीटिंगमध्ये बोलून थकलेल्या गळ्याला रात्री तानेला लावणं म्हणजे लंगड्या घोड्याला शर्यतीत उतरवणं. पहिली 10 मिनिटं खर्ज: मंद्र सप्तकातला एकेक स्वर एका श्वासात, हळू आवाजात. पुढची 15 मिनिटं पलटे (स्वरांचे ठरावीक क्रम), दोनच, पण आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, आणि तीन लयींत. उरलेली 20 मिनिटं एकच राग, महिनाभर तोच. रोज नवा राग उघडून बसणारा माणूस सहा महिन्यांनी कुठेच पोचलेला नसतो.

लोकलमध्ये ताल पक्के करा. चार बोटांची तीन-तीन पेरं आणि चार टोकं मिळून 16: झाला त्रिताल, अंगठ्याने मोजत जायचं. टोकं सोडली की 12, म्हणजे एकताल. मनात बंदिश आणि बोटांवर मात्रा, दादर येईपर्यंत चार आवर्तनं न चुकता जमली की पुढची बंदिश घ्या. शेजारच्याला वाटेल जप चाललाय.

तानपुऱ्याचं ॲप नुसत्या फोनच्या स्पीकरवर लावू नका. एवढ्याशा स्पीकरातून खर्जाची तार नीट उमटत नाही आणि मग तुम्ही खर्जाच्या आधाराशिवाय गाता. मनगटाएवढा छोटा स्पीकर जोडला तरी फरक पडतो. आणि गंधार (‘ग’) हार्मोनियमवरून शिकू नका. पेटीचे स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कानाला सवय झाली की हे अंतर सहज कळतं. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दारात उभं केलं नव्हतं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. बंदी अति झाली असं म्हणता येईल, तक्रार खोटी नव्हती.

पट्टीही, म्हणजे तुम्ही ‘सा’ कुठे धरता तेही, एकदा तपासा. पेटीवर बघितलं तर पुरुषांची सर्वसाधारणपणे पांढरी 1 ते काळी 2 यांच्या आसपास असते, स्त्रियांची पांढरी 5 ते काळी 5. मंद्र पंचम (खालचा ‘प’) ऐकू येईल इतका लागतो आणि तार मध्यम (वरचा ‘म’) न ओरडता लागतो, ती तुमची पट्टी. गुरुजींची पट्टी तीच तुमची असायला हवी असं काही नाही, आणि शिष्याने अर्धा स्वर खाली मागितला म्हणून कुठल्याही घराण्याचं नाक कापलं जात नाही.

आवाज बसण्याचं कारण गळ्यात नसून ताटातही असू शकतं. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. साडेसातला ऑफिसातच पोळी-भाजीचा डबा खा, घरी आल्यावर हलकं काहीतरी. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून घ्या. ज्येष्ठमध चघळत महिने काढू नका.

प्रश्न: आयोजक म्हणतात, ‘मानधनाचं नंतर बघू, तुम्हाला स्टेज मिळतंय ना.’ साथीदारांना मी खिशातून देते. स्पष्ट मागितलं की ‘पैशाच्या मागे लागलेली’ ठरते. (गायिका, नाशिक)

आधी सेवा आणि फुकट यांतला फरक ठरवून टाका. गुरूंच्या पुण्यतिथीला गाणं, गावच्या देवळात उत्सवात हजेरी लावणं ही सेवा, तिथे हिशेब नको. बाकी ठिकाणी एकच कसोटी: मांडववाला, माइकवाला आणि जेवणवाला यांना पैसे मिळणार आहेत का? मिळणार असतील तर तो कार्यक्रम सेवेचा नाही आणि गाणारीनेच तेवढी सेवा करावी असं होत नाही.

आकडा सांगताना पूर्ण संचाचा सांगा. समजा 30,000 ठरले. तबला 6,000, पेटी 6,000, तानपुऱ्याची साथ 1,500, गाडी 3,500. तुमच्या हाती 13,000 राहतात. हा हिशेब केल्याशिवाय बरेच नवे गायक ‘दहा हजार द्या’ म्हणून मोकळे होतात आणि घरून भर घालतात. साथीदारांचे पैसे कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री द्या, तुम्हाला मिळालेले असोत वा नसोत. हे शक्य व्हावं म्हणूनच आगाऊ रक्कम मागायची.

फोनवर ठरलं की तासाभरात लिखित संदेश पाठवा, मराठीतच, गोड पण पक्का: ‘नमस्कार दादा. आत्ता ठरल्याप्रमाणे: तारीख, ठिकाण, गायन दीड तास, संचासह एकूण 30,000. पैकी 15,000 कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, उरलेले त्याच दिवशी कार्यक्रमापूर्वी. ध्वनिव्यवस्था आणि चौघांचं जेवण आपल्याकडून. कार्यक्रमाआधीच्या तीन दिवसांत तो रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही. चित्रीकरण करायचं असल्यास आधी कळवावं. बरोबर असल्यास ‘हो’ कळवा.’ त्यांचं ‘हो’ आलं की तारीख वहीत शाईने लिहा, तोवर पेन्सिलीने.

‘कार्यक्रमापूर्वी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नंतर सगळे नारळ-शालीच्या गडबडीत असतात आणि खजिनदार नेमका सापडत नाही. मंडळाने मानधनातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला तर पॅन क्रमांक द्या आणि तो आयकर खात्यात तुमच्या नावावर नोंदला गेला का ते बघा; उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. कंटाळ्यापोटी ते सोडून देणारे कलाकार पुष्कळ आहेत.

‘पैशाच्या मागे लागलेली’ हे विशेषण तबलजीला, डेकोरेटरला, अगदी निवेदकालाही सहसा चिकटवत नाहीत. गाणाऱ्या बाईलाच ते लागतं, आणि ते जुन्या काळापासून चालत आलंय. त्याला उत्तर देत बसू नका. बोलणं अवघड जात असेल तर पहिलं वर्षभर दराची गोष्ट दुसऱ्या कुणीतरी, भावाने, मैत्रिणीने किंवा पेटीवाल्याने करावी. मात्र संदेश तुमच्याच नंबरवरून जाऊ द्या.

प्रश्न: मी सतार शिकते आणि पथकात ताशा वाजवते. सरावानंतर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. ती जाते म्हणजे काही बिघडलेलं नाही ना? (पुणे)

बिघडायला सुरुवात झाली आहे. शिट्टी म्हणजे आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशींनी दिलेली हाक. त्या काही तासांत सावरतात म्हणून शिट्टी थांबते, पण काही पेशी कायमच्या जाऊ शकतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीतला बारीक आवाज: तरफांची (मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या तारांची) झणझण, जवारीची (तारा टेकतात त्या घोडीच्या घासून जुळवलेल्या पृष्ठभागाची) धार. म्हणजे नेमकं तेच, ज्याच्यासाठी तुम्ही सतार शिकता.

कामगारांच्या सुरक्षेसाठी वापरला जाणारा हिशेब असा: 85 डेसिबल आवाजात 8 तास. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. ढोल-ताशाच्या ओळीत 100 सहज ओलांडले जातात आणि नदीपात्रातला सराव दोन-दोन तास चालतो. गणित तुम्हीच करा.

कापसाचा बोळा घालू नका, त्याने जेमतेम काही डेसिबल अडतात आणि सुरक्षित वाटल्याने माणूस आणखी जवळ उभा राहतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या. बोळा दोन बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून 30 सेकंद बोटाने धरायचा, म्हणजे तो आत फुगतो. अर्धा बाहेर लोंबत असेल तर बसलेला नाही. वाद्य नीट ऐकू यावं असं वाटत असेल तर संगीतकारांसाठीचे गाळणीचे बोळे मिळतात. ते सगळ्या पट्टीतला आवाज सारखा, साधारण 15 ते 20 डेसिबलने उतरवतात. महाग आहेत, पण सतारीच्या एका दुरुस्तीहून जास्त नाहीत.

दर 20 मिनिटांनी ओळीतून बाहेर पडून लांब जा. सरावाच्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी सतार लावू नका: कान तात्पुरता मंद झालेला असतो, तुम्हाला जवारी बोथट वाटेल आणि उगाच घासून घ्याल. शिट्टी दोन दिवस टिकली तर तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी जा. उपचार पहिल्या काही दिवसांतच खऱ्या अर्थाने लागू पडतात. पथकप्रमुखांना बोळे दिसले की थट्टा होईल. एक डबा जास्तीचा आणा आणि वाटा, थट्टा थांबते.

प्रश्न: तुकाराम महाराजांचा अभंग गाऊन यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, तर हक्काचा दावा आला. अभंगावर कुणाचा हक्क कसा? (इंदूर)

अभंगावर कुणाचाच नाही. चालीवर आहे. तुकोबा 1650 साली गेले, त्यांचे शब्द सगळ्यांचे. पण आपण ज्या चालीत तो अभंग ओळखतो ती बहुतेकदा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते. भारतीय कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून वेगळा, प्रसिद्धीपासून 60 वर्षं. तुम्ही विकत घेतलेल्या कराओके ट्रॅकवर आणखी तिसऱ्याचा हक्क असू शकतो. ‘श्रेय मूळ कलाकारांना’ असं लिहिणं ही सभ्यता झाली. ती परवानगी नाही.

दावा आणि स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल यूट्यूबची ताकीद) यांत गल्लत करू नका. दाव्यात सहसा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा आवाज बंद केला जातो; वाहिनीला (चॅनेलला) इजा होत नाही. स्ट्राइक गंभीर, 90 दिवसांत तीन आले तर यूट्यूब वाहिनीच बंद करू शकतं. सुटकेचा चांगला मार्ग म्हणजे वारकरी फडांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी पारंपरिक चाल घेणं, किंवा स्वतः चाल बांधणं. अभंगाची चार चरणांची घडण सोपी असते, भजनी ठेक्यात किंवा केरव्यात सहज बसते. पहिल्या पाच चाली ऐकलेल्याच वाटतील. सहावी कदाचित तुमची असेल.

प्रश्न: घरचे म्हणतात, ‘एक वर्ष देतो, त्यात काय ते कर.’ आणि स्थळं विचारतात, ‘गाणं ठीक, पण करतोस काय?’ (लातूर)

एका वर्षात नाव होत नाही, पण वही भरते. दर महिन्याला चार आकडे लिहा: रियाजाचे तास, शिकवणीचे विद्यार्थी, झालेले कार्यक्रम, हाती आलेले रुपये. वर्षअखेरीस वडिलांपुढे वही ठेवा. आकडे चढते असतील तर दुसरं वर्ष मागता येतं. सपाट असतील तर शिकवणी वाढवायची की जोडीला नोकरी, हे तुम्हालाही दिसेल.

पाया शिकवणीचा ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, चार-चार मुलांचे तीन गट, शुल्क महिन्याच्या पाच तारखेच्या आत आणि आगाऊ. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही परीक्षा पूर्ण झाली असेल तर पालकांचा विश्वास लवकर बसतो. मैफल मात्र तेवढ्यावर मिळत नाही. आकाशवाणीची स्वरचाचणी द्या. सुरुवातीची श्रेणी ‘बी’ असते, वर ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटाला आहे, दरमहा 5,000, दोन वर्षं; त्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं पत्र लागतं. पंचविशी जवळ आली असेल तर अर्ज आधी, बाकी सगळं नंतर.

स्थळांना उत्तर द्यायला वही नेऊ नका. ‘बारा विद्यार्थी आहेत, महिन्याला एवढे येतात, संध्याकाळी 5 ते 8 मी घरी नसतो.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण पुढे भांडणं पैशांवरून कमी आणि संध्याकाळच्या त्या तीन तासांवरून जास्त होतात.

प्रश्न: पुण्यात भाड्याने खोली बघतेय. ‘गाते’ म्हटलं की घरमालक नाही म्हणतात. लपवू का? (कोल्हापूर)

लपवू नका, तिसऱ्या दिवशी कळतंच. तळमजला, कोपऱ्यातली खोली किंवा खाली दुकान असलेली जागा बघा. शेजाऱ्यांशी सामाईक भिंत एकच असेल तर निम्मी कटकट कमी. खोली बघायला जाताना पाच मिनिटं गाऊन दाखवायची तयारी ठेवा. घरमालकाच्या डोक्यात ‘गाते’ म्हणजे लाउडस्पीकर असतो. आणि भाडेकरारात एक ओळ घाला: ‘भाडेकरू सकाळी 7 ते 9 व संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत ध्वनिवर्धकाशिवाय गायनाचा सराव करेल, यास मालकाची संमती आहे.’ करार नोंदवण्याआधी मसुद्यात ही ओळ आहे का ते स्वतः वाचा. एजंट तयार नमुना भरून आणतो आणि त्यात ती नसते.